चार पेन्सिल सेल आणि त्रेचाळीस चेहरे

दर उन्हाळ्यात आमच्या घरून भामरागडकडच्या गावांत कॅमेरा जातो आणि कॅमेऱ्यासोबत हे जातात. या वर्षी हे धानाच्या बांधीच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, घसरले, उजव्या पायाला प्लास्टर लागलं, म्हणून कॅमेऱ्यासोबत मी गेले. आष्टीला आमचा एका खोलीचा फोटो स्टुडिओ आहे. वीस वर्षं मी तिथं मागचा पांढरा पडदा धरते, लोकांच्या कॉलरी सरळ करते आणि छापून आलेले फोटो कात्रीनं कापते. बटण दाबायचं काम यांचं. तोंडानं सांगायला बसले की माझं निम्मं सुटतं, म्हणून हे लिहून ठेवलं. माझ्याआधी आमच्या घरच्या बायकांपैकी त्या बाजूला कोणी गेलेली नव्हती.

काम असं होतं. पर्लकोटा नदीच्या पलीकडं आत एक गाव आहे. तिथल्या अंगणवाडीत रैनूबाई मदतनीस आहे. तिनं भामरागडला येऊन फोन केला. गावातल्या त्रेचाळीस लोकांचे फॉर्म भरून तयार होते. कोणाचा म्हातारपणाच्या पैशाचा, कोणाचा दाखल्याचा. प्रत्येकावर फोटो चिकटवून शुक्रवारी कचेरीत द्यायचे होते. त्यानंतर पाऊस लागला की रस्ता बंद होतो, आणि मग पुढच्या वर्षापर्यंत कोणी विचारत नाही. मागच्या वर्षी कोणाच्या तरी मोबाईलवर काढलेले फोटो काळे आले म्हणून फॉर्म परत आले होते.

"भाऊ नाई आले तर आमचं याही वर्षी गेलं, बाई," रैनूबाई म्हणाली.

फोन मी उचलला होता. मी "येतो" म्हटलं. कोण येणार ते सांगितलं नाही.

चंद्रपूर

आमच्या कॅमेऱ्याला चपटी बॅटरी लागत नाही. चार पेन्सिल सेल लागतात, भिंतीवरच्या घड्याळात बसतात तसले. यांनी मुद्दाम तसा कॅमेरा जपून ठेवला आहे. चपटी बॅटरी संपली की जंगलात काही मिळत नाही, पेन्सिल सेल निदान मोठ्या गावात मिळतो. चार्ज होणारे सेल होते, पण ते म्हातारे झाले होते. चार्जरवर रात्रभर ठेवले की हिरवा दिवा लागायचा आणि दहा फोटोंत जीव जायचा. म्हणून आधी चंद्रपूरला जाऊन नवे सेल आणायचे ठरलं.

यांनी चिठ्ठी लिहून दिली. "२८०० लिहिलेले चार. आकडा मोठा तोच घेणे."

गोलबाजाराजवळच्या दुकानात गर्दी होती. मी बाजूला उभी राहिले. माझ्यामागून आलेले सात-आठ जण सामान घेऊन गेले. एक म्हातारी टीव्हीच्या रिमोटचे सेल घ्यायला आली होती. तिनं मला खांद्याला धरून पुढं केलं.

"अवं, तू कवापासून उभी हायेस? अशी उभी राह्यशीन तर दुकान बंद होईन."

मी चिठ्ठी काउंटरवर ठेवली. दुकानदारानं ती वाचली आणि माझ्याकडं पाहिलं.

"कॅमेऱ्याले लावायचे?"

"हो."

"कुठी जाऊन राह्यले?"

"भामरागडच्या पुढी."

"तिथी लाईट हाय?"

मला माहीत नव्हतं. त्यानं तीन तऱ्हेचे सेल काढून समोर मांडले. आधी लाल कागदाचे स्वस्त सेल बोटानं बाजूला सारले. "हे घड्याळाचे. कॅमेऱ्यात टाकले की चार फोटो अन् खतम." मग चिठ्ठीतले अठ्ठावीसशेवाले दाखवले. "हे चांगले हायेत, नाई असं नाई. पण नुसते ठेवले तरी आतल्या आत सांडते. उन्हाळ्यात तर जास्त. अन् हे दोन हजारवाले. पोट लहान हाय, पण सांडत नाई. चार महिन्यांनं काढा, भरलेलेच."

आमच्याकडं दोन माठ आहेत. मोठा पाझरतो आणि दुपारपर्यंत अर्धा होतो. मी दोन हजारवाल्यांवर बोट ठेवलं.

"चिठ्ठी कोनाची हाय?" त्यानं विचारलं.

"घरच्यायची."

"मंग घरी भांडन झालं तर माहं नाव सांगा."

म्हातारी हसली. जवळ असावेत म्हणून चार साधे अल्कलाईन सेलही घेतले. ते चार्जरला लावायचे नाहीत, फुटतात, असं त्यानं दोनदा सांगितलं. आणखी एक सांगितलं, की चारही सेल एकाच जातीचे आणि एकाच दिवशी भरलेले लावायचे. त्यांतला एक कमजोर राहिला तर तो बाकीच्या तिघांना ओढतो.

घरी आल्यावर यांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

"मी अठ्ठावीसशे लिहून देल्लं होतं."

"ते सांडते म्हने."

"कोन म्हने?"

"दुकानवाला."

संध्याकाळी यांनी माझ्या हातात कॅमेरा दिला आणि बटण अर्धं दाबून थांबायचं, मग पूर्ण दाबायचं, हे पंचवीस वेळा करून घेतलं.

आलापल्ली ते भामरागड

आलापल्लीपर्यंतचा रस्ता माहितीचा आहे. पुढं सागाची झाडं सुरू होतात. सागाला नुकती मोठी पानं फुटली होती आणि त्यांच्यावर धूळ बसली होती. आमच्याकडं नजर टाकली की बांधी दिसते, पाळी दिसतात, दूरचं गाव दिसतं. इथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दहा हातांपुढचं दिसत नाही. मला पहिले दोन तास कोंडल्यासारखं झालं. मग सवय झाली. बसमध्ये एका बाईच्या मांडीवर कोंबडा होता. तो तिकीट नसल्यासारखा चुपचाप बसला होता. ती बाई टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, खात होती. तिनं न विचारता दोन माझ्या हातावर ठेवली. बिया कुठं टाकायच्या ते कळेना, म्हणून मी भामरागडपर्यंत मुठीत धरल्या.

रैनूबाई स्टँडवर उभी होती. मी उतरले तरी ती बसच्या दारातच पाहत राहिली.

"भाऊ कुठी हायेत?"

"पाय मोडला त्यायचा. मीच आली."

तिनं माझ्या खांद्यावरची पिशवी घेतली. "तुमाले काढता येते नं?"

"येते," मी म्हटलं. तोपर्यंत मी माणसाचा एकही फोटो काढला नव्हता. यांच्यासमोर काढलेले पंचवीस फोटो घडवंचीवरच्या कळशीचे होते.

पुलावरून नदी ओलांडली. खाली रेती होती आणि रेतीत मधेच पाण्याची एक हिरवी पट्टी. पावसाळ्यात हे पाणी पुलावर चढतं, असं रैनूबाईनं सांगितलं. मालवाहू जीप बरीच आत नेऊन सोडते, पुढं पायी. परत न्यायला तीच जीप दुसऱ्या दिवशी दुपारी यायची होती. त्यानंतर शुक्रवार होऊन जाईपर्यंत दुसरी नव्हती.

गाव

गावात पस्तीस-चाळीस घरं. प्रत्येक घराला बांबूचं कुंपण आणि आतलं अंगण इतकं साफ की चप्पल घालून जायला संकोच वाटला. आमच्याकडं पाहुण्याला आधी चहा आणि मग प्रश्न. इथं तुंब्यातलं, म्हणजे वाळलेल्या भोपळ्यातलं, पाणी दिलं, मग पानाच्या द्रोणात कण्यांची पातळ पेज दिली आणि माझं पिऊन होईपर्यंत कोणी काही विचारलं नाही. ते मला बरं वाटलं. वाळवलेल्या वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी होती. आंबूस, आणि तेलाचा वास वेगळा. ते मोहाच्या बियांचं तेल होतं. मी सगळी संपवली.

विजेचे खांब होते, तारा होत्या, पण तारांत वीज नव्हती. गावात तीन मोबाईल, तिन्ही बटणांचे. माझाही तसलाच आहे.

रैनूबाईची सासू मैनीबाई. तिला मराठी थोडं समजतं, बोलता येत नाही. ती माडिया बोलायची आणि रैनूबाई मला सांगायची. मैनीबाईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. त्याचा मोठा भाऊ लालसू त्याच अंगणात पलीकडच्या घरात राहतो. मैनीबाईचा फॉर्म होता, लालसूचाही होता. दोघांनाही तो पैसा मिळायला हवा होता आणि दोघांचाही फॉर्म मागच्या वर्षी परत आला होता.

दुपारी अंगणवाडीच्या भिंतीवर मी यांचं पांढरं धोतर खिळ्यांनी ताणून बांधलं. पहिला माणूस समोर बसला आणि जमिनीकडं पाहू लागला. हनुवटी वर करा, असं मला म्हणता येईना. मी स्वतःचीच हनुवटी वर केली. त्यानंही केली. मग मी तसंच चालवलं. मान सरळ करायची असली की मी माझी सरळ करायची. रांगेतले लोक माझ्याकडं पाहून आधीच मान सरळ करून बसू लागले.

"बाई न बोलताच शिकवते," रैनूबाई म्हणाली. "आमच्या मास्तरले बोलून सांगा लागते."

दिवस मावळेपर्यंत चोवीस जण झाले. एकोणीस राहिले. ते टोर्‍या, म्हणजे मोहाच्या बिया, वेचायला जंगलात गेले होते, सकाळी येणार होते. दोन हजारवाल्या सेलांची खूण अजून भरलेली दिसत होती. यांच्या सांगण्याप्रमाणे मी चारही सेल कॅमेऱ्यातून काढले, अल्कलाईन चारांसोबत रुमालात बांधले आणि उशाशी ठेवले.

सकाळी रुमाल नव्हता.

मैनीबाई चुलीपाशी बसली होती. तिनं मला हातानं बोलावलं, काटकीनं राख उकरली आणि आठही सेल एकेक करून बाहेर काढले. गावात टॉर्च मंद झाला की त्यातले जाडे सेल रात्रभर गरम राखेत ठेवतात. सकाळी टॉर्च पुन्हा थोडा पेटतो. मी कॅमेऱ्यातून सेल काढून उशाशी ठेवले, म्हणजे ते थकले असणार, असं तिला वाटलं. राख निवली असेल म्हणून पहाटे तिनं वर दोन निखारेही सरकवले होते. केवळ माझ्या कामासाठी ती उठली होती.

अल्कलाईन सेल फुगले होते आणि त्यांच्या बुडाशी पांढरा चिकट रस आला होता. दोन हजारवाल्यांचा कागद आक्रसला होता. मी ते पदरानं पुसले, कॅमेऱ्यात घातले. कॅमेरा सुरू झाला, त्यानं लाल खूण दाखवली आणि तो बंद झाला.

रैनूबाईनं माझं तोंड पाहिलं. तिनं सासूला काहीतरी विचारलं. सासूनं उत्तर दिलं.

"खराब झाले का, बाई?"

"थोडे."

"त्यायनं मुद्दाम नाई केलं."

"मले मालूम हाय," मी म्हटलं.

मैनीबाई अंगणाच्या टोकाला जाऊन पाठमोरी बसली.

एव्हाना एकोणीस जण भिंतीपाशी येऊन बसले होते. भामरागडला वीज आहे, पण सेल भरायला आठ तास लागतात आणि हे भाजलेले सेल भरतील याची खात्री नव्हती. सेल गार झाल्यावर मी पुन्हा लावून पाहिले. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा फोटो दिसणारा पडदा बंद ठेवला, फ्लॅश बंद ठेवला, बारीक भोकातून पाहिलं. कॅमेरा सुरू राहिला. पाच-सहा वेळा बटण दाबलं जाईल, इतकंच. यांच्यासोबत राहून इतकं कळायला लागलं आहे.

मी रैनूबाईला म्हटलं, की पाच-सहा जणांचे होतील. ज्यांचं जास्त अडलं आहे ते सांग.

ती गावाशी बोलली. त्यांना फार वेळ लागला नाही.

"असं नाई जमत म्हन्ते. शिकार आनली तरी सगळ्या घरात सारखा वाटा जाते. पाच जनाचे काढाचे अन् बाकीच्यायनं पाहाचं, असं नाई."

तेव्हा मला कात्रीची आठवण झाली. आमच्याकडं लग्नाच्या फोटोतून मेलेल्या माणसाचा चेहरा काढून घ्यायला लोक येतात. गर्दीतला एक चेहरा मोठा करून मागं पांढरं केलं की पासपोर्ट फोटो होतो. इथं तर मागं पांढरं धोतर आधीच होतं. तीन-चार जण एका रांगेत, मधात वीतभर जागा सोडून उभे केले तर घरी जाऊन मला ते वेगवेगळे कापता आले असते.

मी हे रैनूबाईला हातवारे करून सांगितलं. तिला लगेच कळलं. लोकांनाही पटलं. फक्त उभं कोणी कोणाशेजारी राहायचं, हे सोपं नव्हतं.

आमच्याकडं सून भासऱ्याला, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाला, शिवत नाही. त्याच्या समोर डोकं उघडं ठेवत नाही. मी माझ्या भासऱ्यांच्या हातात पाण्याचा लोटा दिलेला नाही, पाटाजवळ ठेवते. इथंही तेच आहे, उलट जास्त कडक. सासू जावयाशेजारी नाही, सून भासऱ्याशेजारी नाही, आणि गावातला जवळजवळ प्रत्येक जण कोणाचा तरी भासरा होता.

"तू इकडी ये. तू नाई, तो तुवा भासरा हाय. तू हो बाजूले." रैनूबाई लोकांना हात धरून हलवत होती, माझ्यासाठी मराठीत आणि त्यांच्यासाठी माडियात.

एक तरुण बाई मराठीतच म्हणाली, "मले देराजवळ उभी करा."

"देराजवळ नाई. तो तुले हसवते. फोटोत हसाचं नसते."

"मी नाई हसवत," दीर म्हणाला आणि सगळे हसले.

तिघं, तिघं, पुन्हा तिघं. मग चार, मग आणखी चार. प्रत्येक वेळी मी हनुवटी वर केली, अर्धं दाबलं, थांबले, पूर्ण दाबलं. दर वेळी कॅमेरा बंद करून सेल काढले, तळव्यात थोडा वेळ धरले आणि पुन्हा घातले. पाचव्यानंतर लाल खूण लुकलुकायला लागली. सतरा झाले होते. उरले मैनीबाई आणि तिचा भासरा लालसू.

रैनूबाईनं त्यांना असं शेवटी का ठेवलं, ते मी विचारलं नाही. कुठल्याच रांगेत ते बसले नसते. तो अर्ध्या गावाचा भासरा होता, आणि ती सकाळपासून कोणाच्या पुढं यायला तयार नव्हती.

एकदाच बटण दाबलं जाणार होतं.

लालसू काठी टेकून बसला होता. तो मराठी बोलायचा. "तिचा काढा," तो मैनीबाईकडं न पाहता म्हणाला. "माहं काय."

मैनीबाई पाठमोरी राहूनच काही बोलली.

"त्याचा काढा म्हन्ते," रैनूबाईनं सांगितलं. "सेल म्यांच जाळले म्हन्ते."

जीप यायला तास राहिला होता. लोक उठून गेले नव्हते. मी कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून काढून रैनूबाईच्या गळ्यात घातला.

"दोघायचाही काढू," मी म्हटलं. "मधात मी उभी राह्यते. मी कोनाचीच कोनी नाई."

रैनूबाईनं ते त्यांना सांगितलं. लालसू काठीवर भार देऊन उठला. मैनीबाईही उठली. ती धोतराच्या एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला, आणि मधात मी. दोघांच्याही अंगाला राखेचा वास होता. मी रैनूबाईला अर्धं आणि पूर्ण दाबायचं दाखवलं होतं. तिनं भोकाला डोळा लावला आणि स्वतःची हनुवटी वर केली. तिघांनीही केली.

कॅमेरा टक करून वाजला आणि बंद पडला. त्याचं भिंगाचं नळकांडं बाहेरच अडकलं, आत गेलं नाही. फोटो आत उतरला की नाही, ते तिथं पाहता येणं शक्य नव्हतं. मैनीबाईनं मला काहीतरी विचारलं.

"निंघाला का म्हन्ते."

"घरी गेल्यावर दिसन," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि निघताना माझ्या पिशवीत पानात बांधलेली चारोळी घातली.

परत

बाहेर आलेलं नळकांडं कशाला लागू नये म्हणून कॅमेरा धोतरात गुंडाळून मांडीवर धरला. आलापल्लीला बस बदलली. घरी पोचले तेव्हा हे बाजेवर बसलेले होते. त्यांनी आधी कॅमेरा पाहिला.

"हे काय केलं?"

"सेल जळले."

"दोन हजारवाले?"

"राखेत ठेवले होते."

त्यांनी वर माझ्याकडं पाहिलं. मला घड्याळातला सेल काढायला लावला, शेजारून तीन मागवले, चारही घातले. नळकांडं सुरसुर करत आत गेलं, पुन्हा बाहेर आलं. हे एकेक फोटो मागं सरकवत गेले. सगळ्यांत शेवटचा आधी दिसला. मैनीबाई डावीकडं, लालसू उजवीकडं, मधात मी. यांनी तो बराच वेळ पाहिला.

"हा कोनं काढला?"

"रैनूबाईनं."

"नीट काढला."

मी तेव्हाच छापायला बसले. चोवीस सुटे फोटो भरभर झाले. पाच रांगांतले सतरा मोठे करून कापायला वेळ लागला. मैनीबाईचा सगळ्यांत अवघड होता. ती माझ्या इतक्या जवळ सरकली होती की चौकट पूर्ण करायची तर कडेला माझा खांदा येत होता. तो काढायचा तर तिचा कान जात होता. कान दिसलाच पाहिजे, असा नियम आहे. मी खांदा राहू दिला.

बुधवारी सकाळच्या भामरागड बसच्या कंडक्टरकडं पाकीट दिलं. गुरुवारी संध्याकाळी त्या बाजूला आभाळ भरून आलं. शुक्रवारी फोन आला नाही, शनिवारीही नाही. रविवारी दुपारी रैनूबाईचा फोन आला. ती भामरागडला पुलाच्या अलीकडं उभी राहून बोलत होती, मागं पाण्याचा आवाज होता.

"झाले, बाई. त्रेचाळीसही घेतले."

"मैनीबाईचा?"

"त्याच्यावर साहेब अटकला. हा खांदा कोनाचा म्हने. मी म्हटलं, फोटोवालीचा हाय. त्यानं अदूगर फोटोकडी पाह्यलं, मंग समोर बसलेल्या आमच्या सासूच्या तोंडाकडी पाह्यलं. मंग शिक्का मारला. शिक्का अर्धा कागदावर मारतेत नं, अन् अर्धा फोटोवर. तो बरोबर तुमच्या खांद्यावर पडला."